शेतरस्त्यावरून हमरस्त्याला लागताना
ट्रॅक्टरचालकाने सांभाळावयाची शिस्त व सौजन्य

ट्रॅक्टर घेताना आपण त्याची अश्वशक्ती पाहतो, डिझेलचा खप विचारतो, सुटे भाग तालुक्याला मिळतात की नाही याची चौकशी करतो. तो चालविणारा माणूस रस्त्यावर कसा वागतो, हे मात्र आपण क्वचितच पाहतो. सरळ तास काढणारा आणि ट्रॉली अचूक मागे घेणारा तो चांगला चालक, अशी आपली समजूत असते. शेतातील कामापुरती ती बरोबरही आहे. परंतु शेतात समोरून कोणी येत नाही आणि मागून कोणी हॉर्न वाजवीत नाही. चूक झाली तर फार तर एखादी सरी मोडते. बांध ओलांडून डांबरी रस्त्याला लागले की तीच चूक कोणाच्या तरी जिवावर बेतते.

ट्रॅक्टरच्या प्रवासात शेतरस्त्यावरून हमरस्त्याला लागण्याचा क्षण विशेष जोखमीचा असतो. संथ, लांब आणि वजनदार वाहन वेगाने धावणाऱ्या वाहनांच्या ओघात शिरत असते. हे काम हिमतीचे नसून हिशेबाचे आहे. तो हिशेब कसा करावा, रस्त्यावर कोणाला वाट द्यावी आणि आपल्या चालकाला हे कसे शिकवावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

वाट प्रथम कोणाची?

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याखालील रस्त्यावरील वर्तणुकीचे १९८९ चे जुने नियम जाऊन २०१७ मध्ये मोटार वाहन (वाहनचालन) विनियम लागू झाले. जुन्या व नव्या नियमांतील मूळ सूत्र एकच आहे. लहान रस्त्यावरून मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने मुख्य रस्त्यावरील वाहनांना अगोदर जाऊ द्यावे. दोन्ही रस्ते सारख्याच दर्जाचे असतील आणि चौकात पोलीस किंवा सिग्नल नसेल, तर आपल्या उजवीकडून येणाऱ्यास वाट द्यावी. गोल चौकात जो आधीच आत आहे त्याचा हक्क पहिला. रुग्णवाहिका व अग्निशामक बंब यांना सर्वांनीच वाट द्यावयाची असते.

म्हणजेच शेतरस्त्याच्या तोंडाशी थांबण्याची जबाबदारी आपली आहे. "माझे वाहन मोठे आहे, मी पुढे काढले की बाकीचे आपोआप थांबतील" ही समजूत अनेक अपघातांच्या मुळाशी असते. समोरचा थांबेलही, पण त्याला थांबायला जागा लागते. ती जागा किती लागते हे आता पाहू.

हिशेब सेकंदांचा

वाहनाचा वेग आपण ताशी किलोमीटरमध्ये बोलतो. रस्त्याच्या तोंडाशी उभे असताना मात्र तो सेकंदाला किती मीटर आहे, हे लक्षात घ्यावे.

ताशी ४० कि.मी. : सेकंदाला सुमारे ११ मीटर
ताशी ६० कि.मी. : सेकंदाला सुमारे १७ मीटर
ताशी ८० कि.मी. : सेकंदाला सुमारे २२ मीटर
ताशी १०० कि.मी. : सेकंदाला सुमारे २८ मीटर

आता आपल्या बाजूचा हिशेब करू. ट्रॅक्टर व भरलेल्या दोन ट्रॉल्या मिळून लांबी १५ मीटर धरली, तर उजवीकडे वळताना पुढची चाके डांबरावर आल्यापासून शेवटच्या ट्रॉलीची मागची चाके अलीकडची बाजू सोडेपर्यंत सुमारे २५ मीटर अंतर काटावे लागते. थांबलेल्या अवस्थेतून निघालेला भरलेला ट्रॅक्टर या अंतरात सरासरी ताशी ५ कि.मी. वेगाने, म्हणजे सेकंदाला १.४ मीटर चालतो असे धरल्यास त्याला १८ सेकंद लागतात. या १८ सेकंदांत ताशी ८० कि.मी. वेगाने येणारी मोटार जवळजवळ ४०० मीटर अंतर तोडते. वळायला सुरुवात करताना जी गाडी लांब, ठिपक्याएवढी दिसत होती, ती आपली मागची ट्रॉली रस्त्यात असतानाच येऊन पोहोचते.

डावीकडे वळताना रस्ता ओलांडावा लागत नाही, तरीही वेग घेण्यास वेळ लागतोच. ताशी २० कि.मी. वेगावर येण्यास १५ सेकंद लागले, तर तेवढ्या वेळात मागची मोटार ३३० मीटर पुढे येते आणि आपण जेमतेम ४० मीटर गेलेलो असतो. तिच्या चालकाला जोरात ब्रेक लावावा लागू नये, यासाठी उजवीकडे सुमारे ३०० मीटर रस्ता मोकळा असावा. उजवीकडे वळताना मात्र दोन्ही बाजूंना ४०० मीटर रस्ता मोकळा हवा.

प्रत्येक ट्रॅक्टर, ट्रॉली व भार वेगळा असतो. म्हणून आपल्या वाहनाचा हिशेब आपणच काढावा. त्याची रीत सोपी आहे. मोकळ्या माळावर १० मीटर अंतरावर चुन्याच्या दोन रेघा माराव्यात. भरलेल्या ट्रॉल्यांसह ट्रॅक्टरची पुढची चाके पहिल्या रेघेवर ठेवून थांबावे. तेथून निघून शेवटच्या ट्रॉलीची मागची चाके दुसरी रेघ ओलांडेपर्यंतचे सेकंद घड्याळावर मोजावेत. या सेकंदांना २२ ने गुणले की येणारे उत्तर म्हणजे आपल्याला लागणारा मोकळा रस्ता, मीटरमध्ये. मग शेतरस्त्याच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना तेवढे अंतर पावलांनी मोजावे. ४०० मीटरला साधारण ५३० पावले होतात. तेथील झाड, खांब किंवा मोरी खूण म्हणून लक्षात ठेवावी. त्या खुणेच्या अलीकडे धावते वाहन असेल तर ट्रॅक्टर हलवू नये. खुणेपलीकडून कोणी फार वेगाने येताना दिसले तरीही थांबावे.

वळण, चढ किंवा पुलामुळे खुणेपर्यंतचा रस्ता दिसतच नसेल, तर तेथून उजवीकडे वळू नये. डावीकडे लागून पुढे मोकळ्या, दूरवर दिसणाऱ्या ठिकाणी वळावे.

चौपदरी रस्त्यावर आणखी एक अडचण येते. मधल्या दुभाजकाच्या फटीत १५ मीटर लांबीचे वाहन मावत नाही. अर्धा रस्ता ओलांडून तेथे थांबले की मागची ट्रॉली वेगाच्या पट्ट्यात उघडी राहते. अशा ठिकाणी डावीकडे लागून पुढच्या भुयारी मार्गाचा किंवा उड्डाणपुलाखालील रस्त्याचा वापर करावा. दोन-तीन किलोमीटरचा वळसा वाचविण्यासाठी उलट्या दिशेने ट्रॅक्टर नेणे तर सर्वथा टाळावे. समोरून येणाऱ्याला त्या पट्ट्यात कोणी तोंडावर येईल अशी कल्पनाही नसते.

शेतरस्त्याचे तोंड कसे असावे?

१) शेतरस्ता हमरस्त्याला शक्यतो काटकोनात मिळावा. तिरक्या तोंडामुळे एका बाजूचे वाहन चालकाला मान पूर्ण वळवूनही नीट दिसत नाही.

२) हमरस्ता उंच असल्यास चढाचा शेवटचा १५ ते २० मीटरचा भाग मुरूम टाकून सपाट करावा. भरलेला ट्रॅक्टर चढावर थांबला की मागे सरकेल या धास्तीने चालक न थांबताच रस्त्यावर येतो. सपाट जागा असेल तर तो निर्धास्त थांबू शकतो. हमरस्त्याला जोडरस्ता काढताना संबंधित खात्याची परवानगी घ्यावी.

३) कोपऱ्यातील ऊस, मका, घाणेरी व बाभळीची झुडपे दृष्टीआड करतात. कोपऱ्याच्या तुकड्यात भुईमूग, हरभरा यांसारखे बुटके पीक घ्यावे. दोन-चार सरींचे उत्पन्न गेले तरी चालेल.

४) ट्रॅक्टरचे नाक चालकाच्या बसण्याच्या जागेपासून बरेच पुढे असते. चालकाला रस्ता दिसेपर्यंत नाक डांबरावर आलेले असते. म्हणून सोबत्याला खाली उतरवून रस्त्याकडेला, डांबराबाहेर उभे करावे. त्याने दोन्हीकडे पाहून सांगावे. रस्त्याच्या मध्ये जाऊन हात पसरून वाहने अडवू नयेत.

रस्त्याला लागण्यापूर्वीची तपासणी

शेतातील काम संपवून रस्त्यावर येताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

ब्रेकची दोन्ही पेडले खटक्याने एकत्र जोडलेली असावीत. शेतात एका चाकाचा ब्रेक लावून वळणे सोयीचे असते, परंतु रस्त्यावर वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर उलटू शकतो. डिफरन्शियल लॉक सुटलेला असावा. ट्रॉलीच्या पिनेला खालून अडकण आणि जोडीला साखळी असावी. उतारावर गेअर काढून ट्रॅक्टर मोकळा सोडू नये, कारण भरलेली ट्रॉली मागून ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. डिझेलचे चार पैसे वाचविण्याची ही जागा नव्हे.

नांगरटीसाठी मागे लावलेला पांढरा दिवा रस्त्यावर बंद करावा. रात्री मागून येणाऱ्याला तो समोरून येणाऱ्या वाहनाचा दिवा वाटतो आणि तो भलत्याच बाजूने जाण्याचा प्रयत्न करतो. मागे लाल दिवा व वळण दाखविणारे दिवे चालू असावेत. ट्रॉलीला पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या व मागे लाल परावर्तक पट्ट्या लावाव्यात. उसाचे वाढे किंवा कडबा या पट्ट्यांवर लोंबू देऊ नये आणि त्यांवरील चिखल फडक्याने पुसावा.

पट्टीचे महत्त्व आकड्यांवरून कळेल. ताशी ८० कि.मी. वेगाने जाणारी मोटार चांगल्या कोरड्या रस्त्यावरही थांबायला सुमारे ८० मीटर घेते. खाली केलेल्या दिव्यांच्या उजेडात मात्र काळपट ट्रॉली साधारण ४० ते ५० मीटरवरच दिसते. म्हणजे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. परावर्तक पट्टी त्याहून कितीतरी लांबून चमकते. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या कृषी अभियंत्यांनी १९६० नंतरच्या काळात संथ वाहनांसाठी नारिंगी मध्यभाग व लाल कडा असलेली त्रिकोणी पाटी तयार केली. तेथे शेतीच्या वाहनांमागे ती आजही दिसते. मागच्याला आपण संथ आहोत हे वेळेवर कळावे, एवढाच या साऱ्याचा हेतू आहे.

रस्त्याला लागताना

१) तोंडाशी पूर्ण थांबावे. नुसता वेग कमी करणे पुरेसे नाही.
२) टेपरेकॉर्डर किंवा मोबाईलवरील गाणी बंद करावीत. हॉर्न व इंजिनाचा आवाज ऐकू आला पाहिजे.
३) उजवीकडे, डावीकडे व पुन्हा उजवीकडे पाहावे. उजवीकडचे वाहन सर्वांत आधी आपल्यापर्यंत पोहोचते. मोटारसायकल मोठ्या वाहनाआड लपलेली असते, म्हणून मोठे वाहन गेल्यावर लगेच निघू नये.
४) वळणाचा दिवा लावावा. तो नादुरुस्त असल्यास हाताने स्पष्ट खूण करावी.
५) एकदा निघाल्यावर कचरू नये. योग्य गेअरमध्ये, न थांबता रस्त्याची अलीकडची बाजू मोकळी करावी.
६) डाव्या कडेने चालावे आणि वेग आल्यावर वळणाचा दिवा बंद करावा.

खुणांचे गैरसमज

आपल्याकडे दिव्यांच्या खुणांचे अर्थ वाहनागणिक बदलतात. यातून होणारे घोटाळे समजून घ्यावेत.

समोरच्याने डिपर मारला तर "या" असा अर्थ घेऊ नये. आपल्या रस्त्यांवर बहुधा "मी येतोय, थांबा" असे त्यातून सांगितलेले असते.

एखादा सज्जन मोटारवाला थांबून हाताने बोलावतो. त्याचे आभार मानावेत, पण केवळ त्याच्या हातावर विसंबून निघू नये. तो स्वतःपुरता थांबलेला असतो. त्याला ओलांडून पुढे येणारी मोटारसायकल त्याच्या खुणेने बांधलेली नसते.

उजवा दिवा हा तर सर्वांत फसवा. अनेक ट्रकचालक मागच्याला "जा पुढे" असे सांगण्यासाठी तो लावतात. आपण उजवीकडे शेतात वळण्यासाठी तोच दिवा लावतो. मागचा त्याचा अर्थ "पुढे जा" असा घेतो आणि नेमका आपण वळत असताना उजव्या बाजूने येतो. म्हणून उजवीकडे वळताना दिवा बराच आधी लावावा, सोबत हात बाहेर काढून खूण करावी, आरशात मागच्याचा वेग खरोखर कमी झाल्याचे पाहावे आणि मगच चाक फिरवावे. दुसऱ्याला पुढे जाऊ देण्यासाठी स्वतः उजवा दिवा कधीही लावू नये. वेग कमी करून डावीकडे सरकले की त्याला आपोआप समजते.

रस्त्यावरील शेजारधर्म

मागे पाच-सहा वाहने साचली की त्यांतील एखाद्याचा धीर सुटतो आणि तो वळणावर किंवा पुलावर पुढे काढतो. अपघात त्याच्या चुकीने होतो हे खरे, परंतु तो टाळणे आपल्या हातात असते. सुरक्षित, रुंद जागा दिसताच डावीकडे घेऊन मागची रांग मोकळी करावी. दोन ट्रॅक्टर एकामागोमाग जात असतील तर मध्ये मोटार शिरू शकेल एवढे अंतर ठेवावे. दोघांनी शेजारी-शेजारी चालवून गप्पा मारू नयेत.

पावसाळ्यात शेतातून येताना चाकांबरोबर चिखल डांबरावर येतो व मोटारसायकली घसरतात. तोंडाशी थांबून चाकांचे गोळे काढावेत आणि रस्त्यावर पडलेला चिखल फावड्याने ओढावा. चिखलणीची लोखंडी चाके लावून डांबरी रस्त्यावर येऊ नये.

ट्रॉली बंद पडल्यास ती शक्य तेवढी डांबराबाहेर घ्यावी आणि मागे बऱ्याच अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा. आडोशाला लावलेले दगड दुरुस्ती झाल्यावर तेथेच टाकून जाऊ नयेत. आपली ट्रॉली निघून जाते, दगड मात्र रात्री दुसऱ्याची वाट पाहत बसतो.

कारखान्याच्या दारात : एकाआड एक

गाळप हंगामात कारखान्याच्या फाटकाशी बैलगाड्या, ट्रॅक्टर व ट्रक यांच्या दोन-तीन रांगा एका रस्त्याला मिळतात. पुलाच्या दुरुस्तीमुळे रस्ता अरुंद झाला की तेथेही असेच होते. प्रत्येक जण पुढच्याला चिकटून उभा राहतो, मध्ये कोणी शिरू नये म्हणून. परिणामी दोन्ही रांगा अडतात व भांडणे होतात.

यावर साधा उपाय म्हणजे एकाआड एक जाणे. डावीकडचा एक, मग उजवीकडचा एक, जसे पिशवीच्या चेनीचे दात एकमेकांत बसतात. जर्मनीत वाहतुकीच्या नियमातच ही रीत घातलेली आहे. प्रत्येकाने एकाच वाहनाला वाट द्यावयाची असल्याने कोणाचेही नुकसान होत नाही, आणि कोणाला घुसावेही लागत नाही. मात्र ही रीत संथ सरकणाऱ्या रांगेसाठी आहे. वेगात वाहणाऱ्या हमरस्त्यावर "आता माझी पाळी" असे म्हणून शिरता येत नाही, तेथे वर सांगितलेला सेकंदांचाच हिशेब पाळावा. बैलगाडीला वाट देताना हॉर्न वाजवू नये, बैल बुजतात.

मोटार चालविणाऱ्या शेतकऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. रांग संथ असेल तर तोंडाशी खोळंबलेल्या एका ट्रॅक्टरला आत घ्यावे. रांग वेगात असेल तर अचानक ब्रेक लावून सौजन्य दाखवू नये, त्याने मागचा आदळतो.

चालकाचे शिक्षण

आपल्याकडे बहुतेक मुले वडिलांच्या मांडीवर बसून ट्रॅक्टर शिकतात. त्यांचा हात बसतो, परंतु नियम कोणी सांगत नाही. रस्त्यावर ट्रॅक्टर चालविण्यास वाहन परवाना आवश्यक आहे व त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. ट्रॅक्टर व ट्रॉली या दोन्हींची नोंदणी व विमा चालू असावा. ट्रॉलीत किंवा मोळ्यांवर माणसे बसवू नयेत. काही झाल्यास भरपाईचा बोजा मालकावर पडू शकतो.

मालकाने स्वतः एक दिवस चालकासोबत फिरावे. तोंडाशी तो पूर्ण थांबतो का, आरसा पाहतो का, मागची रांग सोडतो का, हे पाहावे. वर सांगितलेली चुन्याच्या रेघांची मोजणी त्याच्याकडूनच करवून घ्यावी. स्वतः मोजलेले सेकंद माणूस विसरत नाही. यंत्राचे पद्धतशीर शिक्षण हवे असल्यास मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेसारख्या संस्था आहेत. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करावी.

चालकाला फेऱ्यांवर मजुरी देत असाल तर त्याच्या घाईचे कारण आपणच असतो, हेही ध्यानात घ्यावे. यार्डात नंबरासाठी तासन्‌तास थांबणारा ट्रॅक्टर हमरस्त्याच्या तोंडाशी दोन मिनिटे थांबायला तयार नसतो. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तरी ही सगळी थांबणूक आठ मिनिटांची होते. "या आठ मिनिटांबद्दल तुला कोणी बोलणार नाही," असे मालकाने चालकाला हंगामाच्या पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.